दिवा कुठे पेटला

मंगळवार, १८ नोव्हेंबर, सकाळचे सव्वाअकरा. रक्कम ५४,३८० रुपये. हजर: मी, माझा नवरा, माझा धाकटा दीर आणि टेबलापलीकडे सर्व्हिस सेंटरचा ॲडव्हायजर व त्याचे मॅनेजर. रक्कम आमच्या पिकअपच्या ब्रेकमधल्या एका भागाची होती. ती कंपनीने वॉरंटीत भरायची की आम्ही खिशातून, एवढाच टेबलावरचा प्रश्न होता. घरातला प्रश्न वेगळा होता. आपण आता गाडी चालवणार नाही असं सांगून दीर आठ दिवसांपूर्वी गावी निघून गेला होता, आणि त्या आठ दिवसांत दोघे भाऊ एकमेकांशी जेमतेम एक शब्द बोलले होते.

मी अक्कलकोट रस्त्यावरच्या एका टॉवेल कारखान्यात हिशेब लिहिते, बावीस वर्षं झाली. नवरा आणि दीर शेळ्यांचा व्यापार करतात. आमचं गाव वैरागजवळ. सासूबाई तिथेच राहतात आणि अजून चाळीसेक मेंढरं सांभाळतात. वैराग, माढा, कधी नातेपुते अशा बाजारांतून दीर जनावरं विकत घेऊन सोलापुरात आणतो आणि इथली विक्री नवरा बघतो. दीर शेळीच्या पाठीवरून हात फिरवून वजन सांगतो, आणि काट्यावर घातली तर अर्ध्या किलोपेक्षा जास्त फरक पडत नाही. हे नवऱ्याला जमत नाही. दिराला गिऱ्हाइकाशी गोड बोलता येत नाही. म्हणून धंदा दोघांचा आणि गाडीही दोघांची, निम्मी-निम्मी.

गाडी आम्ही अपघाताच्या दीड वर्ष आधी पाडव्याला घेतली. जनावरांसाठी मागे लोखंडी जाळी डीलरकडूनच बसवून घेतली होती, तिचे ३८,५०० रुपये गाडीच्याच बिलात आहेत. दोन महिन्यांनी त्या जाळीत वरचा मजला आम्ही एका वेल्डरकडून करून घेतला, ११,२०० रुपयांत. करडं वर आणि मोठी जनावरं खाली ठेवली की तुडवातुडवी होत नाही. दोन्ही पावत्या माझ्या फाइलीत आहेत. वॉरंटी तीन वर्षं किंवा एक लाख किलोमीटर, यातलं जे आधी होईल तोवर.

६ नोव्हेंबरला, गुरुवारी, दीर वैरागकडून चौदा जनावरं घेऊन येत होता. एका ओढ्याकडे रस्ता उतरतो, तिथे उसाच्या दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर शेतातल्या वाटेवरून अचानक डांबरीवर आला. दिराने ब्रेक दाबला. गाडीला एबीएस आहे, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ नयेत अशी सोय. त्या वेळी ती सोय चालली नाही. चाकं जाम झाली, गाडी आडवी घसरली आणि रस्ता सोडून गुडघाभर ज्वारीत जाऊन थांबली. दिराच्या कपाळाला टेंगूळ आलं. एक शेळी पुढच्या पायाने लंगडू लागली. बाकी तेरा जनावरं, ट्रॅक्टरवाला आणि त्याच्यामागे सायकलवर असलेली दोन माणसं, कुणाला काही झालं नाही. हे मी आजही आधी लिहिते, कारण पुढच्या आकड्यांच्या नादात ते मागे पडतं. ज्वारीच्या मालकाने नुकसानीचा विषयही काढला नाही. स्वतःच्या ट्रॅक्टरने त्याने गाडी ओढून वर काढली आणि दिराला गूळपाणी दिलं. जनावरं ओळखीच्या टेम्पोत घालून दीर ती गाडी हळूहळू चालवत थेट बार्शी रस्त्यावरच्या सर्व्हिस सेंटरला घेऊन गेला. समोर एबीएसचा पिवळा दिवा पेटलेला होता.

सोमवारी १० तारखेला सर्व्हिस सेंटरकडून कागद आला. मी फोनवरचं तोंडी उत्तर घ्यायला नकार दिला होता म्हणून कागद आला. त्यात नाकारण्याची दोन कारणं होती. एक, गाडीच्या मूळ रचनेत बदल केला आहे. दोन, एबीएसचा दिवा पेटल्यानंतरही ग्राहकाने गाडी २९ किलोमीटर चालवली. सोबत स्कॅनरची छापील पट्टी होती. बिघाड नोंदला गेला तेव्हाचं रनिंग ३८,७०२, आणि गाडी त्यांच्याकडे जमा झाली तेव्हाचं रनिंग ३८,७३१. हिशेब बरोबर होता.

संध्याकाळी नवऱ्याने तो कागद दिरापुढे ठेवला. आवाज चढवला नाही, पण तो चढवला असता तर बरं झालं असतं.

"दिवा दिसत होता, तरी हाकलत राहिलास. मागं चौदा जनावरं होती."

"बिरेक मारताना पेटला, दादा. आदी न्हाय पेटला."

"मग हे काय छापलंय? मशीनला तुझ्याशी वैर हाय?"

दिराने कागद वाचला नाही. माझ्याकडे पाहून म्हणाला, "वैनी, तुमी सांगा." आणि मी काही सांगितलं नाही. मला आकडे दिसत होते. माझी सवय अशी आहे की माणसाचं म्हणणं आणि छापील आकडा जुळला नाही, तर मी आधी माणसाकडे बघते. दीर उठला, चपला घातल्या आणि उंबऱ्यातून म्हणाला की गाडीला ड्रायव्हर ठेवा, मी आयकडं मेंढरं राखतो. रात्रीच्या एसटीने तो गेला.

ड्रायव्हर ठेवला तर महिन्याला पंधरा हजार, हे नवऱ्याने दुसऱ्याच दिवशी बोलून दाखवलं. बाजारात जनावर कोण निवडणार, हे मात्र तो बोलला नाही.

रविवारपर्यंत मी त्या पट्टीकडे पाच-सहा वेळा तरी पाहिलं असेल. रविवारी सकाळी भाकरी थापताना एकदम माझ्या लक्षात आलं की २९ किलोमीटर हे 'दिवा पेटल्यापासून गाडी जमा होईपर्यंत'चे आहेत. पट्टीवर अपघात कुठे झाला याचा काहीच उल्लेख नाही. मशीनला ज्वारी माहीत नाही. सर्व्हिस सेंटरने गृहीत धरलं की आधी दिवा पेटला, मग २९ किलोमीटर, मग अपघात, आणि लगेच गाडी त्यांच्या दारात. पण अपघातानंतर दिराने स्वतः गाडी चालवत आणली होती. ती किती किलोमीटर चालवली, हे कुणी विचारलंच नव्हतं. मीही नाही. बावीस वर्षं हिशेब लिहिणाऱ्या बाईने सुरुवातीची नोंद न बघता बाकी मान्य केली होती.

मी नवऱ्याला म्हटलं, "अहो, मोटारसायकल काढा. मोजून येऊ."

तो म्हणाला, काय मोजायचंय, सगळं छापून आलंय. मी म्हटलं तुम्ही चालवा, तुम्हीच काटा बघा, मी मागे नुसती बसते. सर्व्हिस सेंटरच्या फाटकापाशी त्याने काट्यावरचा आकडा मोठ्याने वाचला आणि मी वहीत लिहिला. ओढ्याच्या उतारावर ज्वारीत गाडी घुसल्याची वाट अजून तशीच होती. ताटं आडवी पडलेली आणि बांधावरची तरवडाची जाळी मोडलेली. तिथे त्याने मोटारसायकल थांबवली आणि पुन्हा काटा वाचला. फरक २८ किलोमीटर ९०० मीटर.

म्हणजे ३८,७०२ ला दिवा पेटला तो इथेच, या उतारावर. दीर म्हणाला होता तसाच.

नवऱ्याने काटा पुन्हा एकदा पाहिला. मग त्याने विचारलं, शंभर मीटर कुठे गेले? मी म्हटलं, तेवढे तुमच्या वळणांत गेले. तो हसला नाही, पण परतताना वाटेत त्याने गाडी थांबवून मला उसाचा रस पाजला, आणि स्वतः प्यायला नाही. त्या वेळी मला जो सुटल्यासारखा श्वास आला, तो मंगळवारच्या निकालाच्या वेळीही आला नाही. पैशांचं काहीही होवो, दीर खोटं बोलला नव्हता.

मी त्याच संध्याकाळी दिराला फोन करून हे सांगितलं. तो एवढंच म्हणाला, "मग? मी काय म्हनत हुतो?" मंगळवारी ये असं सांगितलं तर म्हणाला, दादानं बोलावलं तर येतो. मी फोन नवऱ्याकडे दिला. नवरा म्हणाला, "ये." दोन अक्षरंही नाहीत, पण दीर आला.

तर मंगळवार. मी वही आणि फाइल टेबलावर ठेवली. मॅनेजर पन्नाशीचे, शांत बोलणारे गृहस्थ होते. २८.९ चा हिशेब त्यांनी दोनदा ऐकला, स्वतः फोनवरच्या नकाशात अंतर पाहिलं आणि दुसरं कारण पेनाने खोडलं. खोडून सही केली, हे मला आवडलं. पहिल्या कारणावर मी त्यांचंच बिल दाखवलं, जाळी ३८,५०० रुपये. ते म्हणाले, जाळी आमची आहे, मान्य. वरचा मजला कुणाचा? मी वेल्डरची ११,२०० ची पावती काढून दिली. नवऱ्याने टेबलाखालून माझ्या पायाला पाय लावला. पण पावती फाइलीत होती, आणि फाइलीतला एक कागद दाखवून दुसरा झाकायचा, हे मला जमत नाही.

मग खरी अडचण निघाली. मॅनेजर म्हणाले की गाडीवर वेल्डिंग करताना बॅटरीची वायर काढावी लागते. ती काढली नाही तर करंट फिरून एबीएसचा मुख्य भाग, म्हणजे हाच चोपन्न हजारांचा, जळू शकतो. तशी जळालेली वस्तू कंपनी वॉरंटीत घेत नाही. वेल्डरने वायर काढली होती का?

नवऱ्याने तिथूनच वेल्डरला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. मागे ग्राइंडरचा आवाज होता. वेल्डर ओरडून म्हणाला, "काढली आसंल की! दीड वर्साखालचं कोन ध्यानात ठेवतंय? जाळी मोडली का?" जाळी मोडलेली नाही असं सांगितल्यावर त्याने समाधानाने फोन ठेवला.

'काढली असेल' याची नोंद कुठेच होत नाही. ते नाही म्हणू शकत नव्हते आणि आम्ही हो म्हणू शकत नव्हतो. ५४,३८० तिथेच अडकले. मी विचारलं की मुख्य भाग जळाला आहे हे कशावरून ठरवलं. ॲडव्हायजर म्हणाला, स्कॅनरवर एबीएसचा बिघाड आला. मी विचारलं, उघडून पाहिलंत? तो मॅनेजरांकडे बघू लागला. मॅनेजर म्हणाले, चला, आत्ता उघडू. आणि तेवढ्यात त्यांना फोन आला म्हणून आम्हाला पुढे पाठवलं.

वर्कशॉपमध्ये गाडी लिफ्टवर घेतली. मेकॅनिक पांढऱ्या दाढीचे, दखनी बोलणारे चाचा होते. त्यांनी पुढचं डावं चाक काढलं आणि आत टॉर्च मारला. मग त्यांनी मला हाताने जवळ बोलावलं.

चाकाच्या आतल्या बाजूला एक बारीक वायर जाते. चाक किती वेगाने फिरतंय हे ती एबीएसला सांगते. त्या वायरला मुठीएवढा काळा गोळा लटकत होता. चिखल, ग्रीस आणि लोकर. वायर त्या गोळ्याच्या ओझ्याने क्लिपातून ओढली जाऊन, चाक वळेल तसं घासत घासत तुटली होती.

मला लोकर ओळखू आली. आमच्या घरात काळ्या मेंढीच्या लोकरीचा दोरा नजरेसाठी बांधतात. सासूबाई तो स्वतः चातीवर वळतात. नवी वस्तू, नवं जनावर, नवं मूल, सगळ्यांना बांधतात. दर अमावास्येला नवा दोरा चढवायचा आणि जुना हाताने सोडायचा नाही, तो आपला आपण झिजून पडू द्यायचा. गाडीसाठीही त्या दर महिन्याला दिराजवळ दोरा देत होत्या. तो गाडीवर कुठे दिसत नाही, हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं.

मी दिराकडे पाहिलं. तो हळू आवाजात म्हणाला की म्होरं बांधला की गाडी धुनारी पोरं कापून टाकत्यात, म्हनून आत बांधत हुतो. आत ती तारच सापडली बांधायला.

"किती बांधलेस?"

"एक बी आमुशा चुकीवली न्हाय."

पाडव्यापासून अपघातापर्यंत एकोणीस अमावास्या. जुना दोरा सोडायचा नाही, म्हणून एकोणीस दोरे एकावर एक.

चाचांनी खिशातून कटर काढला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "भाभी, बोलो तो काट के फेक देतूं. साब आने के पैले."

मी खरं सांगते, मी लगेच नाही म्हटलं नाही. गोळा फेकला असता तर उरली असती फक्त एक तुटलेली वायर, आणि तुटलेली वायर कुणाचीही असू शकते. त्यांचीसुद्धा. वेल्डिंगवरून तर भांडण बरोबरीत होतंच. मनात आकडे झाले. आणि मग मला दिराचा चेहरा दिसला. आठ दिवस जो माणूस 'मी खोटं बोललो नाही' म्हणून मेंढरांमागे फिरत होता, त्याच्यासमोर मी आता कशी खोटं बोलू? नवराही तिथेच उभा होता. तोच आधी बोलला. म्हणाला, "राहू द्या चाचा. बोलवा सायबांना."

मॅनेजर आले. वाकून पाहिलं, बोट लावलं, वास घेतला. हे काय आहे विचारलं. मी सांगितलं. आता ते काय लिहितील याची मी वाट बघत होते. त्यांनी काही लिहिलं नाही. चाचांना म्हणाले, स्टोअरमधून याचा नवा सेन्सर वायरसकट आणा आणि तात्पुरता जोडून बघा.

चाचांनी जोडला. ॲडव्हायजरने आत बसून किल्ली फिरवली. पिवळा दिवा पेटला, आणि विझला. पुन्हा फिरवली, पुन्हा विझला. स्कॅनर लावून मुख्य भागाची चाचणी घेतली, तो ठणठणीत होता. वेल्डिंगने काही जळालं नव्हतं. मुळात जो भाग बदलायचा म्हणून आम्ही आठ दिवस भांडत होतो, तो बिघडलेलाच नव्हता.

मॅनेजर ॲडव्हायजरला एवढंच म्हणाले, "चाक न काढता चोपन्न हजाराचं एस्टिमेट दिलंस?" तो पोरगेला तरुण कानापर्यंत लाल झाला. मला त्याची कीव आली. छापील पट्टीवर विश्वास ठेवणारा तो एकटाच नव्हता.

गोळा चाचांनी कापला नाही. म्हणाले, तुमची वस्तू आहे, तुम्हीच सोडा. आमच्याकडे तर सोडायची रीत नाही. तेव्हा दिराने सासूबाईंना फोन लावला. आधी मला म्हणाला, आयला नका सांगू, जिवाला लावून घेईल. पण विचारायचं तर सांगावं लागणार होतं. त्याने घाबरत घाबरत सगळं सांगितलं. पलीकडून मेंढरांचा आवाज येत होता. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"तारंला बांधलास व्हय?" त्या म्हणाल्या. "मी गाडीच्या तोंडाला बांध म्हनलं हुतं. नजर तोंडाला लागती का चाकाला? सोड त्यो, म्हनावं आयनं सांगितलंय. आनी ती लंगडी शेळी इकडं धाड, पाय बांधून देती."

आधी चाचा हसले. मग नवरा हसला, आणि हसता हसता लिफ्टच्या खांबाला टेकला. दीर हसला नाही, तो गोळा सोडवत बसला होता. एकोणीस दोरे सुटायला वीस मिनिटं लागली.

नवऱ्याने त्याची माफी मागितली नाही. आमच्या घरात मोठा भाऊ तसं करत नाही. त्याने विचारलं, "माढ्याच्या बाजाराला किती वाजता निघतोस?"

दीर म्हणाला, "पाचला. का?"

"मीबी येतो. मला पाठीवरनं वजन सांगायला शिकीव."

"तुला न्हाय जमायचं, दादा," दीर म्हणाला. "तुला जनावरापेक्षा कागद बरा वाचता येतो."

मॅनेजर ऐकत होते. नवरा तो टोमणा गिळून काउंटरकडे वळला.

बिल झालं. सेन्सर वायरसकट ३,२४०, मजुरी ६५०, त्यावर अठरा टक्के कर ७०० रुपये २० पैसे. वीस पैसे मॅनेजरांनी सोडले. ही वायर वॉरंटीत बसणार नाही, असं ते संकोचून म्हणाले. मी म्हटलं, बसू नयेच. दीर म्हणाला की दोरा मी बांधला, सगळे पैसे माझे. नवरा म्हणाला, गाडी काय तुझ्या एकट्याची हाय? यावर काउंटरसमोर थोडी वादावादी झाली. आठ दिवसांनी दोघे भांडत होते, म्हणून मी मध्ये पडले नाही.

शेवटी सर्व्हिस सेंटरच्या कॅश काउंटरवर ४,५९० रुपये रोख भरले. २,२९५ नवऱ्याने, २,२९५ दिराने.